नॉकिंग थांबवणारा माणूस

तुम्ही कधी पेट्रोलचा पाईप हातात धरून नीट बघितलाय? मीही बघितला नव्हता, मेकॅनिकलला असूनसुद्धा! गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सीनियर दादाची जुनी बाईक हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये रोज थोडं थोडं पेट्रोल गाळायला लागली. गेटबाहेरच्या गॅरेजवाल्या चाचांनी टाकीखालचा रबरी पाईप ओढून काढला आणि दोन बोटांत दाबून दाखवला. फुगलेला, मऊ पडलेला, क्लिपजवळ चिरलेला. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि हा पाईप त्याच्या आधीच्या जमान्यातला आहे, असं चाचांचं निदान. (पाईप पंधरा वर्षांचा होता, हेही खरं.) नवा पाईप, नवे वॉशर, कार्ब्युरेटर साफ, झालं काम.

दादाने मात्र पुढचे दोन दिवस मेसमध्ये इथेनॉलला मनसोक्त शिव्या दिल्या. आधीचं पेट्रोल किती चांगलं होतं, गाड्यांना काही करावं लागत नव्हतं, वगैरे वगैरे. मी हे सगळं आय.सी. इंजिनच्या सरांना जाऊन विचारलं. सरांनी उत्तर दिलंच नाही. एक नाव सांगितलं आणि लायब्ररीत पाठवलं. नाव होतं थॉमस मिजली.

मिजलीचा जन्म 18 मे 1889 चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया राज्यातल्या बीव्हर फॉल्स गावचा. घराणंच यंत्रांचं. वडील गाड्यांची चाकं आणि टायर यांत सतत काहीतरी शोध लावणारे. आईचे वडील जेम्स इमर्सन यांचं नाव दात बदलता येणाऱ्या करवतीशी जोडलेलं. थॉमसचं लहानपण ओहायोमधल्या कोलंबस शहरात गेलं आणि 1911 मध्ये तो कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. मेकॅनिकल इंजिनिअर! पुढे ज्याच्या रसायनांनी सगळ्या जगाची हवा बदलली त्या माणसाकडे केमिस्ट्रीची डिग्री नव्हती. हे वाचून मला आधी आनंद झाला की हा आपल्याच ब्रँचचा, आणि नंतर जरा ओशाळल्यासारखं झालं.

सुरुवातीची काही वर्षं नोकऱ्या बदलण्यात गेली. मग 1916 मध्ये तो डेटन शहरात चार्ल्स केटरिंगच्या प्रयोगशाळेत दाखल झाला. केटरिंग म्हणजे गाडीला सेल्फ-स्टार्टर देणारा माणूस. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा स्टार्टर आणि बॅटरी इग्निशन बसले आणि हँडल मारण्याची कटकट संपली. पण त्याच सुमारास गाड्यांच्या इंजिनातून टकटक आवाज यायची तक्रारही वाढली आणि लोकांनी तिचं खापर बॅटरी इग्निशनवर फोडलं. केटरिंगला आपल्या स्टार्टरची अब्रू वाचवायची होती. हे काम त्याने नव्या पोराकडे, म्हणजे 27 वर्षांच्या मिजलीकडे सोपवलं.

नॉकिंग आपण सेकंड इयरला शिकतो, परीक्षेला लिहितो आणि विसरतो. थोडक्यात सांगते. स्पार्क पडल्यावर पेट्रोल आणि हवेचं मिश्रण एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे शिस्तीत जळत जायला हवं. दाब फार वाढला तर कोपऱ्यात उरलेलं मिश्रण ज्योत पोचायची वाटच बघत नाही. स्वतःच एकदम पेटतं, आणि पिस्टनवर हातोडा मारल्यासारखा आवाज होतो. म्हणून त्या काळी कॉम्प्रेशन रेशो चारच्या आसपास ठेवावा लागायचा. फोर्डच्या मॉडेल टी गाडीचाही तेवढाच होता. कॉम्प्रेशन वाढवता आलं असतं तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये गाडी जास्त पळाली असती, आणि अमेरिकेत तेव्हा तेल लवकरच संपणार अशी भीती पसरलेली होती. म्हणजे प्रश्न नुसत्या आवाजाचा नव्हता.

मिजलीने दाखवून दिलं की दोष इग्निशनचा नाही, इंधनाचा आहे. त्याचा पहिला उपाय कसा सापडला ती गोष्ट फार गमतीची आहे. रॉकेल पेट्रोलपेक्षा जास्त नॉक करतं, का? केटरिंग आणि मिजलीने तर्क लढवला की रॉकेलचं वेळेआधी बाष्पीभवन होत नाही म्हणून असेल. त्यांच्याकडे एक रानटी फुलझाड असतं, बर्फ पुरतं वितळायच्या आधीच फुलणारं, आणि त्याच्या पानाची मागची बाजू लालसर असते. तर लाल रंग जास्त उष्णता ओढून घेत असेल, मग रॉकेल लाल रंगवून बघू या! शनिवारी स्टोअरमध्ये तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन घातलं. नॉकिंग थांबलं. मग खरेखुरे लाल रंग आणून घातले, त्यांनी काही म्हणजे काही झालं नाही. थिअरी पूर्ण चुकीची आणि प्रयोग यशस्वी! आपल्या लॅबमध्ये नेमकं याच्या उलट होतं. असो.

आयोडीन महाग, शिवाय धातू खाणारं. त्यामुळे पुढची पाच वर्षं मिजली आणि त्याचा सहकारी थॉमस बॉईड एकेक पदार्थ इंजिनात घालून बघत राहिले. नॉकिंग मोजायला त्यांनी एक साधनही बनवलं. सिलिंडरच्या पातळ पडद्यावर ठेवलेली पोलादी पिन, जी नॉक झालं की उडायची. 1919 मध्ये ॲनिलीन चालतं असं कळलं, पण त्याचा वास असह्य. मग सेलेनियम, मग टेल्युरियम. टेल्युरियमचा वास लसणासारखा, अंगाला आणि कपड्यांना असा चिकटायचा की आंघोळ करून उपयोग नाही. बिचारे चारचौघांत जायचे बंद झाले!

आणि याच यादीत होतं अल्कोहोल. म्हणजेच इथेनॉल.

इथेनॉल नॉक करत नाही हे मिजलीला पक्कं माहीत होतं. फेब्रुवारी 1920 मध्ये त्याने अल्कोहोल आणि पेट्रोलच्या मिश्रणासाठी पेटंटचा अर्ज केला. ऑक्टोबर 1921 मध्ये ऑटोमोबाईल इंजिनिअर्सच्या सभेसाठी तो डेटनहून इंडियानापोलिसला गेला, तो जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनाची गाडी चालवत, आणि तिच्या टाकीत 30 टक्के अल्कोहोल मिसळलेलं पेट्रोल होतं. हे वाचून मी दोन मिनिटं थांबलेच. आपल्याकडे वीस टक्क्यांवरून मेसमध्ये भांडणं होतात आणि हा माणूस शंभर वर्षांपूर्वी तीस टक्क्यांवर हायवेने निघाला होता.

मग अडलं कुठे? अडचणी खऱ्या होत्या, त्या नाकारून चालणार नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. पेट्रोलच्या एका किलोला 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला फक्त 9, म्हणून निव्वळ इथेनॉलवर चालवायचं तर कार्ब्युरेटरचा जेट मोठा करावा लागतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की पेट्रोल वर आणि पाणी-अल्कोहोल खाली, असे दोन थर टाकीतच वेगळे होतात. त्यात 1920 पासून अमेरिकेत दारूबंदी, म्हणजे अल्कोहोलवर सरकारचा डोळा. आणि सगळ्या गाड्यांना पुरेल एवढं अल्कोहोल आणायचं कुठून? जनरल मोटर्सने तर शेतातल्या काडीकचऱ्यापासून अल्कोहोल काढता येईल का याचाही शोध घेतला होता.

शिवाय गाडीच्या आतल्या भानगडी, म्हणजे आपल्या दादाच्या पाईपची भानगड. पेट्रोल रबराच्या काही जातींना फारसा त्रास देत नाही, पण इथेनॉलचा रेणू त्यांच्यात शिरतो, रबर फुगतं आणि त्याची ताकद जाते. त्या जुन्या कार्ब्युरेटरमध्ये बुचाच्या लाकडाचा फ्लोट असायचा आणि त्यावर लाखेचा थर. लाख कशात विरघळते? घरी सुताराने पॉलिश करताना बघितलं असेल तर माहीत असेल, स्पिरिटमध्ये! म्हणजे अल्कोहोलवर गाडी चालवली तर फ्लोटचा थर हळूहळू निघणार, बूच इंधन पिणार आणि फ्लोट बुडणार. जस्ताचे, ॲल्युमिनियमचे भाग पाणी धरलेल्या अल्कोहोलमध्ये गंजतात. जुन्या टाक्यांना आतून शिसं आणि कथील यांचा मुलामा असे, तोही अल्कोहोलपुढे टिकत नाही.

पण या सगळ्याला उत्तर होतं, आणि ते इंजिनिअरचंच होतं. पाईप बदला, गॅस्केट बदला, मुलामा बदला. ब्राझीलने पुढे तेच केलं. 1975 मध्ये त्यांनी अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, 1979 मध्ये निव्वळ अल्कोहोलवर चालणारी फियाट 147 रस्त्यावर आली, आणि तिथल्या अल्कोहोल गाड्यांच्या कार्ब्युरेटरना निकेलचा मुलामा आला. आज इथेनॉल सोसणाऱ्या गाड्यांत फ्लोरिन असलेल्या रबराचे पाईप आणि सील असतात, किंवा नायलॉनचे आणि स्टेनलेस स्टीलचे. व्हायटन हे त्या रबराचं बाजारातलं ओळखीचं नाव. हे रबर 1921 मध्ये नव्हतं, मान्य. पण कथील होतं, निकेल होतं, पितळ होतं.

मिजली त्या वाटेला गेला नाही. लॅबमध्ये मूलद्रव्यं टाचलेली एक फळी होती. पिरिऑडिक टेबल नव्याने मांडून, कुठलं मूलद्रव्य किती काम करतं हे त्यावर लावत लावत त्याच्या लक्षात आलं की खाली जड मूलद्रव्यांकडे जावं तसा परिणाम वाढतो. कथिलाच्या खाली कोण? शिसं. (शिसं म्हणजे लेड हे मला अकरावीत कळलं. तोपर्यंत मी समजत होते की ते शिसपेन्सिलीत असतं. कॉन्व्हेंटची कृपा!) 9 डिसेंबर 1921 ला टेट्राएथिल लेड इंजिनात गेलं आणि टकटक पूर्ण बंद. अल्कोहोल तीस टक्के घालावं लागत होतं. हे मात्र साधारण 1300 भाग पेट्रोलला एक भाग पुरलं.

हिशेब बघा. अल्कोहोल विकायचं तर पेट्रोलवाल्यांना टाकीतली मोठी जागा दुसऱ्याच्या मालाला द्यावी लागते, आणि अल्कोहोल कुणीही बनवू शकतं, त्यावर मक्तेदारी नाही. शिशाच्या या संयुगाच्या वापराचं पेटंट मात्र घेता येत होतं. मला वाटतं निर्णय इथेच झाला, पाईप आणि फ्लोट ही नंतरची कारणं. कारण शिशालाही गाडी बदलावीच लागली! शिशाचा ऑक्साईड स्पार्क प्लगवर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर साचायला लागला. मग तो बाहेर काढायला पेट्रोलमध्ये ब्रोमीनचं संयुग घालावं लागलं, आणि एवढं ब्रोमीन आणायचं कुठून म्हणून समुद्राच्या पाण्यातून ते काढण्याचे कारखाने उभे राहिले. समुद्र उपसायची तयारी होती. साचलेलं शिसं मग एक्झॉस्टमधून रस्त्यावर जात होतं, ते कोणी मोजत नव्हतं.

2 फेब्रुवारी 1923 ला डेटनमधल्या एका पंपावर हे पेट्रोल पहिल्यांदा विकलं गेलं. नाव ठेवलं एथिल. शिसं हा शब्द नावात कुठेच नाही. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या एथिलवर धावल्या. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला मिजली स्वतः शिशाच्या विषबाधेने आजारी पडून सुट्टी घेऊन फ्लोरिडाला गेला होता, कारण त्याच्या फुप्फुसांना मोकळी हवा हवी होती. म्हणजे त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं हा मुद्दा मी मुद्दाम दोनदा लिहिते आहे.

1924 मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑईलने मिळून एथिल कंपनी काढली. केटरिंग अध्यक्ष, मिजली उपाध्यक्ष. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथल्या रिफायनरीत टेट्राएथिल लेड बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊ लागले. काहींना बांधून न्यावं लागलं. पाच जण मेले आणि तीस-पस्तीस जण इस्पितळात गेले. डेटनला आणि ड्यूपाँटच्या डीपवॉटर कारखान्यातही माणसं गेली. डीपवॉटरच्या इमारतीला कामगार फुलपाखरांचं घर म्हणायचे, कारण आत काम करणाऱ्यांना हवेत नसलेले किडे दिसायचे आणि ते हाताने झटकत बसायचे.

30 ऑक्टोबर 1924 ला मिजलीने न्यूयॉर्कमध्ये पत्रकारांना बोलावलं. सगळ्यांसमोर ते द्रव हातावर ओतून हात चोळले आणि बाटली नाकाखाली धरून मिनिटभर वास घेतला. घाबरण्यासारखं काही नाही, हे दाखवायला. वर्षभरापूर्वी याच पदार्थाने आजारी पडलेला माणूस! धाडस म्हणावं की खोटेपणा, मला अजून ठरवता येत नाही. स्वतःच्या शोधावर एवढा जीव जडतो का माणसाचा? प्रोजेक्टच्या व्हायवाला आपणही न चालणारं मॉडेल चालतं असं दाखवतोच, पण तिथे फक्त मार्क जातात.

मे 1925 मध्ये विक्री थांबवावी लागली आणि वॉशिंग्टनला सरकारी बैठक झाली. बैठक फक्त एक दिवसाची. हार्वर्डमधल्या पहिल्या महिला प्राध्यापक डॉ. ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यांडेल हेंडरसन यांनी कडाडून विरोध केला. शिसं शरीरात साचत जातं, कारखान्यातल्या चाळीस माणसांचा नाही तर रस्त्यावरच्या सगळ्यांचा प्रश्न आहे, असं त्यांचं म्हणणं. कंपनीची बाजू अशी की याला दुसरा पर्यायच नाही. खुद्द मिजलीने 1925 मधल्या आपल्या लेखात तेच लिहिलं. ज्याने चार वर्षांपूर्वी अल्कोहोलवर डेटन ते इंडियानापोलिस गाडी नेली त्याने! जानेवारी 1926 मध्ये समितीने बंदी घालण्याइतकं कारण सापडलं नाही, पण पुढे अभ्यास चालू ठेवावा, असा अहवाल दिला. विक्री पुन्हा सुरू झाली. पुढच्या अभ्यासाची सूत्रं बरीच वर्षं उद्योगाच्याच पैशावर चालणाऱ्या शास्त्रज्ञांकडे राहिली.

मिजलीचं पुढचं आयुष्य सन्मानाचं. केटरिंगने आता फ्रिजसाठी विषारी नसलेला, पेट न घेणारा वायू मागितला, आणि काही दिवसांतच मिजली आणि अल्बर्ट हेन यांनी फ्रिऑन शोधला. 1930 मध्ये त्याने भर सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवली. प्रात्यक्षिकांची हौस कायम! या वेळी मात्र त्याचं खरं होतं, फ्रिऑन माणसाला विषारी नव्हता. तो वर जाऊन ओझोन खातो हे 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, तोपर्यंत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणून फ्रिऑनसाठी मी मिजलीला दोष देत नाही. शिशाची गोष्ट वेगळी.

मोठमोठी पदकं मिळाली, पेटंटं शंभरावर गेली. 1940 मध्ये, 51 व्या वर्षी, त्याला पोलिओ झाला. या वयात पोलिओ होण्याची शक्यता किती, याचाही त्याने हिशेब मांडला, की एम्पायर स्टेट बिल्डिंगएवढी पत्त्यांची चळत रचावी आणि त्यातून नेमका एक पत्ता हाती यावा. पाय गेले. पलंगावरून स्वतःच उठता यावं म्हणून त्याने दोऱ्या आणि कप्प्या जोडून एक यंत्रणा बनवली. 1944 मध्ये तो अमेरिकन केमिकल सोसायटीचा अध्यक्ष झाला. त्याच वर्षी 2 नोव्हेंबरला, ओहायोतल्या वर्दिंग्टनच्या घरी, याच दोऱ्यांत गळा आवळून तो मेला. अपघात म्हणून ही गोष्ट सांगितली जाते, सरकारी नोंद मात्र आत्महत्येची झाली. वय 55.

शिशाचं पेट्रोल त्याच्यामागे अनेक दशकं चाललं. 1965 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी दाखवलं की माणसांच्या अंगात नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट शिसं आहे. पुढे लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा परिणाम सिद्ध होत गेला. पण अमेरिकेत 1970 च्या दशकात ते उतरणीला लागायला पहिला मोठा धक्का दिला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरने, कारण शिशाने कन्व्हर्टर खराब होतो. पुन्हा यंत्राचीच काळजी आधी!

आपल्याकडे 2001 मध्ये मिरज आणि मनमाडला पाच टक्के इथेनॉलचे प्रयोग झाले, 2003 पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ते मिश्रण आलं आणि 2025 मध्ये देशभर प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात पोचलं. उसाला पाणी किती लागतं हे मराठवाड्यातल्या माझ्या मैत्रिणीला विचारा, इथेनॉल म्हणजे काही अमृत नाही. ॲव्हरेजही थोडं कमी होणारच. जुन्या गाडीचा पाईप, सील, वॉशर हे बघावंच लागतं आणि खर्च मालकाच्या खिशातून जातो. दादाचा राग त्या अर्थाने रास्त होता. पण ज्या आधीच्या चांगल्या पेट्रोलची तो आठवण काढत होता, त्याबद्दल मी त्याला मिजलीची सगळी गोष्ट मेसमध्ये सांगितली. शिसं घातलेलं पेट्रोल भारतात सगळीकडे बंद झालं ते 1 फेब्रुवारी 2000 ला. जगात शेवटी अल्जेरियात, 2021 मध्ये. आम्ही दोघंही 2000 नंतरचे. आमच्या आईबाबांचं शाळा-कॉलेज मात्र त्याच धुरात झालं.